तुळशीचं सासर

मनकर्णाबाईला बसलेली पाहिलेला माणूस आमच्या गावात शोधून सापडला नसता. पायाला भिंगरी, आणि जिभेला त्याहून मोठी. तव्यावर भाकर टाकायची आणि ती फुगेपर्यंत शेजारच्या घरात डोकावून यायची. नवरा संतराम म्हणायचा, "हिला सरणावर बी बांधून ठेवावं लागन." ती म्हणायची, "मंग दावं मजबूत आणा."

गावाकडून काम काढून घ्यावं तर तिनेच. निजामाचं राज्य. चार माणसं जमवून सभा घ्यायची तर तहसिलीचा परवाना लागायचा, आणि वर्गणी म्हटलं की गावाला एकदम बहिरेपण यायचं. बारवेत गाळ साचला तेव्हा तिने बारवेचं बारसं घातलं. घुगऱ्या शिजवल्या, बायकांनी पाळणा म्हटला. अट एकच, गाळाची पाटी वर आणल्याशिवाय घुगऱ्या नाहीत. सांजेपर्यंत बारव स्वच्छ झाली आणि गाव हसत हसत घरी गेलं. बारशाला कुठला आलाय परवाना?

पण १९४५ साली तिने घाट घातला तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तिला गावात बाळंतिणीसाठी खोली बांधायची होती.

कशासाठी, ते सगळ्यांना माहीत होतं. तिची थोरली लेक द्वारका गावातच दिली होती, किसनराव पाटलांच्या घरी, त्यांच्या मुलाला. ऐन थंडीत ती बाळंत झाली ती गोठ्याच्या कोपऱ्यात, कारण घरातली एकुलती कोरडी, उबदार खोली कापसाने भरलेली होती. मनकर्णाबाईने हातापाया पडून खोली मागितली. किसनराव म्हणाले, "भाव येऊ द्या. कापूस गेला की देतो रिकामी करून." कापूस गेला त्याच्या आधी तापाने द्वारका गेली, लेकरूही गेलं. तेव्हापासून मनकर्णाबाईने त्या घराचा उंबरा पाहिला नव्हता.

आणि आता धाकटी शालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माघात दिवस भरणार होते. मनकर्णाबाईच्या घरी तरी कोरडी खोली कुठली? शरीफाबी सुईण स्पष्टच बोलली होती, "गोठे के कोने में मैं क्या क्या संभालूँ, बाई? एक साफ खोली दिलाव."

कार्तिकात मनकर्णाबाईने तुळशीचं लग्न काढलं. लग्न दरसाल व्हायचं, पण यंदा तिने गावाचे दोन भाग पाडले. खालची आळी मुलीकडची, वरची आळी मुलाकडची. आहेर लुगड्या-भांड्यांचा नाही, खोलीच्या सामानाचा. झालं! खालच्या आळीने दगड-माती आणली म्हणताच वरच्या आळीने चौकटीसकट दार आणलं. त्यांनी दार आणलं म्हणताच यांनी भिंती उभ्या करून दिल्या. आपला आहेर व्याह्यांपेक्षा कमी पडला हे ऐकून घेईल असं घर आमच्याकडे अजून जन्माला यायचंय. लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून म्हणतात. बाईने दोन्ही एकाच मांडवात धरलं.

राहिलं छप्पर. तुळ्यांना चांगलं लाकूड हवं होतं.

एवढं सगळं योजणाऱ्या बाईच्या एकच गोष्ट ध्यानात आली नव्हती. लग्नाला लागणारा पितळी बाळकृष्ण दरसाल किसनरावांच्या देव्हाऱ्यातून यायचा. म्हणजे मुलाचा बाप कोण? किसनराव. आणि तुळ्या देण्याची ऐपत कोणाची? त्यांचीच.

तिने ग्यानबा गुरवाच्या हाती अक्षत पाठवली. ग्यानबा तशीच परत घेऊन आला.

"रुसलेत," तो म्हणाला. "म्हणून राहिले, विहीणबाई सोता आल्याबिगर वऱ्हाड निघणार न्हाई."

गावाला कोण आनंद! वरपक्ष रुसल्याशिवाय लग्नाला मजा कसली? मनकर्णाबाईच्या मात्र अंगाची लाही झाली. अंगण ते चूल, चूल ते अंगण अशी ती फेऱ्या मारत राहिली. "त्याच्या दारात जाऊ मी? काहून जाऊ?" शालू पोटावर हात ठेवून भिंतीला टेकली होती. मनकर्णाबाईने तिच्याकडे पाहिलं, अक्षतांची वाटी उचलली आणि तरातरा निघाली.

उंबऱ्याच्या बाहेरूनच तिने वाटी पुढे केली. "लगीन हाय. यावं."

"येतो," किसनराव म्हणाले. बस्स, एवढंच. तिला वाटलं, एवढ्यासाठी मला वाकवलं यानं.

दुसऱ्या दिवशी बाळकृष्ण आला आणि त्याच्या मागून तुळ्यांनी भरलेल्या दोन गाड्या आल्या. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. मग पाठवणीची वेळ आली. रीतीप्रमाणे किसनरावांनी तुळशीची कुंडी घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

मनकर्णाबाईने कुंडी छातीशी धरली. "न्हाई. त्या घरात मी आता लेक देत न्हाई."

वाजंत्री थांबली. सगळ्यांच्या नजरा बाहेरच्या गाड्यांकडे गेल्या. पाटील रागाने गाड्या माघारी फिरवणार, यात कोणाला शंका नव्हती.

किसनरावांचे हात तसेच पुढे होते. "मला बी न्यायची न्हाई, विहीणबाई," ते म्हणाले. "खोलीच ऱ्हायली न्हाई घरात. कापसाची खोली पाडली. तिच्याच तुळ्या हायेत ह्या. हिचं सासर तिकडं, नव्या खोलीपाशी करा."

मनकर्णाबाई गाड्यांजवळ गेली. जुन्या लाकडांच्या भेगांत कापूस अडकलेला होता. तिने तो बोटाने उकरून काढला, मुठीत धरला आणि गाडीवाल्यावर खेकसली, "बघत काय ऱ्हायला? हाण खोलीकडं!"

तुळस खोलीच्या दाराशी ठेवली. किसनराव रोज सकाळी तांब्या घेऊन यायचे, तिला पाणी घालायचे आणि निघून जायचे. मनकर्णाबाई त्यांच्याकडे पाठ करून असायची.

माघात शालूच्या पोटात कळा सुरू झाल्या. मनकर्णाबाई खोलीबाहेर अशी येरझारा घालत होती की पायाखालची माती उखडली. त्या दिवशी किसनराव पाणी घातल्यावर परत गेले नाहीत. रिकामा तांब्या धरून तुळशीपाशीच उभे राहिले. सूर्य डोक्यावर आला. मग आतून रडण्याचा आवाज आला आणि शरीफाबी ओरडली, "लडकी हुई! दोनों सलामत!"

मनकर्णाबाई तुळशीजवळच्या ओट्यावर मटकन बसली. पदरात तोंड घालून पोटभर रडली. मग डोळे पुसून तिने वर पाहिलं.

"उभे काहून, व्याही?" ती म्हणाली. "बसा."