हसनभाईच्या तीन गोगलगाई

हसनभाई गेल्याचं मला एका पिकअपवाल्यानं सांगितलं. आखातातल्या अजमान गावी आमच्या खोलीच्या दारात मी दाढी करत होतो. "तुम्हारा हसन खलास. कुएँ में," एवढं बोलून तो खाली मान घालून उभा राहिला, आणि मी मूर्खासारखी उरलेली अर्धी दाढी पूर्ण केली. त्याला महिना होत आला. त्या आरशात अजून बघवत नाही.

हसनभाई माझा चुलतभाऊ, दहा वर्षांनी मोठा. रत्नागिरीजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावातून आम्ही एकाच बोटीनं इकडे आलो. तो पंपाचा फिटर, आणि मला अरबी लवकर आली म्हणून मी त्याचा दुभाष्या. डोंगरापायथ्याच्या एका खेड्यात अर्बाबच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या, खजुराच्या बागेत आम्ही डिझेलचा पंप बसवला. त्या गावाला पाणी फलजचं. डोंगरातून जमिनीखालून आणलेला जुना पाट मशिदीपाशी उघड्यावर येई. पहिल्याच दिवशी हसनभाई त्याच्या काठी उकिडवा बसला तो उठेचना. पाण्यात तीन तऱ्हेच्या गोगलगाई होत्या... एक चपटी, सदऱ्याच्या बटणाएवढी, एक पातळ कवचाची, फुगीर, आणि एक लांबडी, टोकदार. "या रेतीत एवढा संसार, सलीम! पाणी गोडं असल्याशिवाय नाही जमत हे," तो म्हणाला. मी त्याला गोगलगाईंचा मुकादम म्हणू लागलो. त्याला ते आवडायचं.

पंप सुरू झाला आणि सगळं गाव खूश झालं. आम्ही दर दोन महिन्यांनी तेलपाणी बघायला जायचो, तेव्हा हसनभाई आधी पाटाकडे जाई, मग इंजिनाकडे. पहिला उन्हाळा सरला आणि चपटी दिसेनाशी झाली. पुढच्या वर्षी फुगीर गेली. त्यानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. "आपला पंप गोडं पाणी ओढतोय, खालचं खारं वर येतंय. जिला सोसलं नाही ती आधी गेली. लांबडी चिवट आहे, ती राहील थोडे दिवस. मग झाडं, मग माणसं... अर्बाबला सांग, पंप दिवसाआड चालवा. नाहीतर विहीर खोल नेत बसाल आणि खारंच प्याल."

अर्बाबनं आमच्यापुढे कावा, म्हणजे तिथली बिनदुधाची कॉफी, ठेवला होता. आमचे कागद त्याच्या हातात, आमची चूल त्याच्या मर्जीवर. हसनभाई माझ्या तोंडाकडे बघत होता. मी अरबीत म्हणालो, "हसन म्हणतो, पंप छान चाललाय. इन्शाल्ला पाणी वाढेल." अर्बाब हसला, त्यानं हसनभाईचा हात हातात घेतला. परत येताना जीपमध्ये हसनभाई म्हणाला, "बघ, ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही." मी खिडकीबाहेर बघत होतो. दोन वर्षं त्याला वाटत राहिलं की आपण सांगितलं, अर्बाबनं मानलं नाही. त्याचा राग अर्बाबवर राहिला आणि माझ्यावर त्याची माया तशीच राहिली. मला हेच सोसवत नाही.

पाणी खाली जात राहिलं. विहीर दोनदा खोल खणली, आणि शेवटी इंजिनच आत उतरवून मधल्या कट्ट्यावर ठेवलं. त्या दिवशी मी तापानं अजमानलाच होतो. हसनभाई एकटा खाली उतरला. त्यानं इंजिन सुरू केलं, धूर आत कोंडला आणि त्याला वर येता आलं नाही. लोक म्हणतात, अल्लाची मर्जी. मी मान हलवतो. पण त्या विहिरीची खोली माझ्या एका वाक्यानं वाढली, हे मला ठाऊक आहे, आणि ते मी घरी वहिनीला लिहू शकलेलो नाही. तीन पत्रं लिहून फाडली.

आमच्या खिडकीत त्याचा चहाचा ग्लास आहे. त्यात त्या पाटातली शेवटची लांबडी त्यानं आणून ठेवली होती. गाढवावरून येणारं पाणी तो आधी तिला द्यायचा. ती कवचाचं दार उघडून चालू लागली की मगच आम्ही प्यायचो. आता ते काम माझ्याकडे आलंय. परवा काचेवर तिळाएवढी पिल्लं चिकटलेली दिसली, तिची एकटीचीच, नराशिवाय झालेली. ते सांगायला मी मागे वळलो... खाट रिकामी होती.

सकाळी पाणी बदलताना मी ते वाक्य अरबीत म्हणतो. पंप दिवसाआड चालवा, पाणी खारं होतंय, हसन म्हणतो. एक शब्दही गाळत नाही.