उशीऐवजी तकिया

आमच्या छत्रीबागेतल्या घरात बाबांचा एक कायदा होता. ‘तकिया द्या’ म्हटलं की मिळायचा नाही. ‘उशी’ म्हणेपर्यंत ते ती मांडीवर धरून बसायचे. सारा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेलेला. अख्खं इंदूर मराठीत हिंदी कालवून बोलतं, पण बाबांच्या तोंडून कधी ढक्कन निघालं नाही, झाकणच. मला त्याचा भारी वैताग यायचा.

मी इंदुरातच, पलासियाला नोकरी करते. हजारो लोकांचे मेंदूचे स्कॅन, रक्ताच्या तपासण्या, जनुकांची माहिती आणि बोलण्याच्या चाचण्या एकत्र करून विस्मरणाचे आजार आधीच कसे ओळखता येतील, हे आम्ही शोधतो. चाचणीत चित्रं दाखवून वस्तूंची नावं विचारतात. आमचा प्रोग्रॅम मराठी माणसाचं ‘तकिया’ चूक धरायचा. मी भांडून नियम बदलून घेतला: इंदूरच्या माणसाचं हिंदी उत्तरही बरोबर. तो नियम मला आजही योग्यच वाटतो.

त्याच सुमारास एका दुपारी बाबा म्हणाले, “जरा तकिया दे गं.”

मी टाळ्याच वाजवल्या. “क्या बात है! बाबा, आता तुम्ही पक्के इंदौरी झालात!”

तेही हसले. मग रोज एखादा शब्द यायला लागला. ढक्कन, गाळणीला छन्नी, पुढेपुढे नुसतं ‘वो वाला’. मी ऑफिसात हे किस्से रंगवून सांगायचे. मूर्ख मी. इतर हजारोंशी ताडून पाहिलं तर त्यांच्यात वावगं काहीच नव्हतं. कालच्या बाबांशी ताडून पाहायचं मला सुचलंच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि मी त्यावर विनोद करत होते.

दीड वर्षानं ते खजरान्याच्या गणपतीहून परतताना वाट चुकले, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

“कब से हो रहा है?” डॉक्टरांनी विचारलं.

“यही, दो-तीन महीने से,” मी म्हणाले.

“नहीं जी,” बाबा म्हणाले. “बहुत पहले से. तकिये को क्या बोलते हैं, याद ही नहीं आया था.”

“तो घर में बताया क्यों नहीं?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग अजिबात नव्हता. “उसी दिन सांगणार होतो. पण ही किती खूश झाली होती.”