मामींच्या केसांची माशी

श्वास घ्यायला परवानगी लागते असं घर अख्ख्या दौंडात एकच, आमच्या मामेसासऱ्यांचं. रेल्वेतून रिटायर झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात. मामांनी मोबाइलवर बघून बघून माशी बांधायला घेतली. पिसं आणि केस दोऱ्यानं गळावर गुंडाळून हुबेहूब किडा करायचा, म्हणजे मासा फसतो. पिसं उडू नयेत म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद. आम्ही सगळे घामाघूम, चिडीचूप, आणि मामा जिभेचं टोक बाहेर काढून दोरा फिरवतायत. एकदा शेवटच्या गाठीला त्यांचे व्याही शिंकले, तर मामांनी त्यांचा चहा बाहेर ओट्यावर नेऊन ठेवला. शेजारच्या कोंबड्याची मान यांच्यापायी बोडकी झाली. एका माशीवर भिंतीवरच्या पालीनं झडप घातली, तेव्हा मामांनी पेढे वाटले. "पालीला पटलं, आता मासा कुठं जातुय?"

मासा मात्र भीमेत सुखात होता. कोंबड्याचं पीस त्याला पटेना, बारीक करडा केस हवा होता. घरात तसले केस होते. केसांवर भांडी देणारी बाई आली की पातेलं घ्यायचं, म्हणून मामी विंचरलेले केस पिशवीत साठवायच्या. गेल्या वर्षी मामी गेल्या, पिशवी राहिली. मामांच्या हातून त्या केसांच्या माश्या बिघडत गेल्या, केस संपत आले आणि अगदी शेवटची माशी साधली.

"मामा, ही नका टाकू. घरी जपून ठेवा," मी भीमेच्या काठावर म्हणालो.

"ठिवून काय करू?" म्हणत त्यांनी ती टाकलीच. आणि गळाचा तंगूस ताणला गेला! हातभर चिलापी फडफडत वर आली, पण माशी पार घशात. बोटं घालून निघेना. मी चाकू काढला. "मामा, मासा फाडला तरच निघेल."

मासा तोंड वासत होता. मामांनी माझ्याकडून चाकू घेतला. मला बघवेना, मी डोळे मिटले. पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मामांनी तंगूस कापून मासा सोडून दिला होता.

"मामा, अहो, मामींचे केस!"

"व्हय." मामांनी उरलेला तंगूस गुंडाळायला घेतला. मग म्हणाले, "लई म्हनायची, मला एकदा नदीवर हिंडवून आना. माझी ड्यूटी कवा सरलीच न्हाई."

त्यांनी चाकू पुसून माझ्या हातात दिला.

"हिंडू दे आता," मामा म्हणाले.