पट एकतीस, हजर तेरा

मी थापाड्या आहे हे आमच्या तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेच्या मोरीतून निघालेल्या दिवडाचा मी चहा उकळेस्तोवर अजगर करत असे. तेव्हा पुढचं किती खरं मानायचं ते तुम्ही बघा. भीती मात्र खरी होती, तेवढी मोजूनमापून सांगतो.

मुकुटबनपासून आत, जंगलाला टेकून आमचं गाव. तिथं दोन खोल्यांची शाळा आणि तिचा मी एकटा मास्तर. बोंडअळीनं कापसाच्या पराट्या पोखरल्या, ते वर्ष. वेचायला कापूसच नाही म्हटल्यावर दिवाळी होताच गाव रिकामं व्हायला लागलं. दाराला कुलूप, मायच्या डोक्यावर बोचकं आणि बोचक्यामागून माझे विद्यार्थी. पटावर एकतीस नावं, समोर तेरा डोकी. त्यात वीसच्या आत पोरं असलेल्या शाळा बंद होणार अशी कुजबुज सुरू झालेली. आमची बंद झाली तर तेरा पोरांनी नाल्यापलीकडच्या गावी पायी जायचं. मधे जंगल, आणि जंगलात वाघ. या वाघाचं मी वाढवून सांगत नाही. हापशीजवळच्या चिखलात त्याच्या पंजाचा ठसा मी स्वतः पाहिला. माझा पाय त्यात मावला, चपलेसकट.

म्हणून मी हजेरीपटावर रोज एकोणतीस हजर मांडू लागलो. एकतीस मांडले तर संशय येतो. उरलेल्या दोघांना मी माझ्या हातानं ताप आणत असे, आलटूनपालटून.

फळ्यावर मात्र खोटं लिहिता येईना. सकाळी ओल्या फडक्यानं फळा पुसायचा, वर तारीख, वार, कोपऱ्यात पट आणि हजर, हा आमचा शिरस्ता. समोरची पोरं स्वतःला मोजत. चौदा लिहिलं की ओरडत, "गुरुजी, एक जास्त झाला!" त्यामुळे फळ्यावर खरं आणि पटावर खोटं. फळा रोज पुसला जाई, म्हणून निभत होतं.

तेवढ्यात एका दात्यानं तालुक्यातल्या एका शाळेला डिजिटल फळा द्यायचं कबूल केलं. शिक्षकांच्या बैठकीत साहेबांनी, म्हणजे आमच्या विस्तार अधिकाऱ्यांनी विचारलं, "यातलं कोणाले कळते?" माझी जीभ माझ्याआधी उठून उभी राहिली. म्हटलं, "साहेब, संगणक तर मी डोळे मिटून उघडतो." वास्तविक मला तो डोळे उघडे ठेवूनही उघडत नव्हता. साहेब म्हणाले, "मग चाला मुंबईले. मोठं प्रदर्शन हाय. दोघं मिळून पाहू."

ज्याच्यापासून पट लपवायचा, त्याच माणसाच्या शेजारी रात्रभर रेल्वेत बसून मी मुंबईला गेलो. त्यांनी चिवडा पुढे केला. मी त्यातले शेंगदाणे मोजत बसलो.

ते प्रदर्शन केवढं होतं म्हणता? आमची तीन गावं शेतशिवारासकट आत ठेवली असती तरी कडेनं बैलगाडी फिरली असती. जिकडे पाहावं तिकडे पडदे. भिंतीएवढे, काही भिंतीपेक्षा मोठे. कर्णे, कॅमेरे, माणूस बोलला की त्याच्याकडे आपसूक मान वळवणारे. एका कॅमेऱ्यानं माझ्याकडे मान वळवली, तेव्हा मी दोन पावलं मागं सरलो. वाटलं, यालाही कळलं की काय.

वर्गासाठीच्या यंत्रांच्या दालनात एक भला मोठा काचेचा फळा होता. समोर बाकांवर पाट्यांसारखे टॅब. तिथली मुलगी समजावत होती की फळ्यावर लिहिलेलं प्रत्येकाच्या पाटीवर उमटतं आणि पाटीवरचं फळ्यावर. सगळा वर्ग एकाच पानावर. साहेब एक टॅब घेऊन पहिल्या बाकावर बसले. मागं पंचवीसेक माणसं.

"सर, आप टीचर हैं ना? आइए, कुछ भी लिखिए."

"लिवा ना गुरुजी," साहेब म्हणाले. "काहून थांबले?"

मी लेखणी हातात घेतली. आता तुम्ही म्हणाल, कविता लिहायची, गणित मांडायचं. पण समोर कोरा फळा आणि बाकांवर माणसं, अशा वेळी वीस वर्षांचा हात डोक्याला विचारत नाही. आधी मी खिशातल्या रुमालानं काच पुसली. लोक हसले. मग वर तारीख लिहिली, वार लिहिला, आणि कोपऱ्यात: पट ३१, हजर १३.

रेघ ओढून झाल्यावर मी ते वाचलं.

पंचवीस पाट्यांवर ते उमटलं होतं. बाजूच्या भिंतीवरच्या पडद्यावर हत्तीएवढं उमटलं होतं. मी तळहातानं पुसायला गेलो, तर तळहातानं अक्षरं आणखीच मोठी झाली. पाठीतून घामाचा ओघळ निघाला तो थेट बुटात. वळून पाहायची हिंमत होईना. इतक्यात माझ्या अक्षरांखाली निळी अक्षरं उमटू लागली. हळूहळू, एकेक काना देत.

बाकीचे कुठं?

साहेब मान खाली घालून पाटीवर लिहीत होते. मला थाप सुचली नाही, जन्मात पहिल्यांदा. मी लिहिलं: सहा आदिलाबादकडे, मायबापासोबत कापूस वेचायले. सात बल्लारशाकडे, वीटभट्टीवर. चार नाशिककडे.

निळं उमटलं: सतरा झाले.

मी लिहिलं: एक कुठं गेली, माहीत नाही.

"वाह!" मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली. "देखिए, टीचर और स्टूडेंट एक ही पेज पर! इसी को कोलॅबरेशन कहते हैं!" लोकांनीही टाळ्या वाजवल्या. तिला मराठी येत नसावी. मग तिनं एक बटण दाबलं. "सेव हो गया सर. आपके ऑफिस के ईमेल पर भेज दिया."

साहेबांच्या ऑफिसचा ईमेल प्रवेशद्वाराशी मीच लिहून दिला होता, सुवाच्य अक्षरात.

परतीच्या गाडीत साहेब फक्त एवढंच बोलले, "सोमवारी येतो."

घरी येताच शेजारच्या गावच्या मास्तराचा फोन. "सोमवारचं कळलं. घाबरू नको भाऊ. मागच्या तपासणीले तू मले पोरं दिल्ती ना? मी टेम्पोत सोळा पाठवतो, आंघोळ घालून." मोह झाला. पण साहेबांजवळ ते पान होतं, त्यावर माझ्याच हातानं लिहिलेलं. कोण आदिलाबादेत आणि कोण भट्टीवर. "राहू दे," म्हटलं.

सोमवारी मी फळ्यावर तेरा लिहून उभा राहिलो. खडू दोनदा मोडला. साहेब आले, पोरं मोजली, खिशातून छापलेलं पान काढलं आणि माझ्या हजेरीपटाशेजारी ठेवलं.

"गुरुजी, हे एकोणतीस कोणाचे?"

"माह्या भीतीचे, साहेब."

"लाल पेन काढा."

सगळं पोरांसमोर. दिवाळीपासूनची एकेक खोटी हजेरी मी लाल रेघेनं खोडली. मग अठरा नावांपुढं 'स्थलांतरित' लिहायला लावलं. म्हणाले, "नावं कापत नाही. पण होळीले लोकं गावी येतात, ते झालं का मोजाले येतो. वीस डोकी पाह्यजे, अन् याच गावची. नाही तर माह्या हाती काही नाही." माझ्या सेवापुस्तकात त्या दिवशी जी नोंद झाली ती अजून आहे. काचेचा फळा दुसऱ्या शाळेला गेला.

होळीच्या दुसऱ्या दिवसापासून मी बसथांब्यावर चिंचेमागं उभा राहायचो, लपून. मायबापांना वाटू नये की मास्तर पोरं मोजतो. पहिल्या दिवशी दोन उतरली. दुसऱ्या दिवशी कोणीच नाही. तिसऱ्या दिवशी तीन, त्यातल्या एकाचा हात भट्टीवर भाजलेला. चौथ्या दिवशी एक. एकोणीस झाले. साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते आणि संध्याकाळची शेवटची बस यायची होती.

बस आली. एक म्हातारी उतरली, एक कोंबड्यांची टोपली उतरली. कंडक्टरनं घंटी दिली. मी डोळे मिटले. मग कोणीतरी माझा सदरा ओढला. ती होती, जी कुठं गेली ते मला माहीत नव्हतं. मागच्या दारानं उतरली होती, लहान भावाला कडेवर घेऊन.

"गुरुजी, झाडामागं कायले लपले?"

माझ्यासारख्यानं सांगितल्यावर तुम्ही हे मानणार नाही, आणि मानू नये अशीच माझी कीर्ती आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि कोपऱ्यात वीस लिहिलं. पोरांनी स्वतःला मोजलं, दोनदा. कोणी ओरडलं नाही.