बैलगाडीचा आयकॉन

शुक्रवार, सकाळचे नऊ वाजून सतरा मिनिटं. भवानी पेठेतल्या ऑफिसात बिभीषण पडद्यावरच्या बैलाचं शिंग चौथ्यांदा पुसत होता. साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या या कंपनीची मदतपुस्तिका सहा वर्षं तोच लिहीत आला होता. आता ती ऑनलाइन होणार होती आणि डावीकडच्या यादीत प्रत्येक प्रकरणापुढे एक आयकॉन हवा होता. बिभीषणने अकरा दिवस खपून नऊ काढले. सहा महिन्यांपूर्वी आलेल्या अंकिताने एका दुपारी ओपन सोर्स संचातून चोवीस निवडले. सगळे वेक्टर, कितीही मोठे केले तरी कडा न फाटणारे, सगळ्यांच्या रेघेची जाडी एक.

"याला म्हणतात काम," विभागप्रमुख शिवानंद सर सोमवारी म्हणाले. तेव्हापासून अंकिताच्या कीबोर्डची टकटकसुद्धा बिभीषणला सलत होती.

त्याच दिवशी त्याला तिची चूक दिसली होती. 'ऊस आवक'पुढे तिने ट्रक लावला होता. बिभीषण मूळचा श्रीपूरकडचा. पुस्तिका सगळ्यांत आधी जिथे जाणार होती त्या तिकडच्या कारखान्यात ऊस बैलगाडीतून नाहीतर ट्रॅक्टरमधून येतो. ट्रक येतो तो साखर न्यायला. हे सांगायला एक मिनिट पुरलं असतं. तो चार दिवस गप्प राहिला. तिची फजिती सगळ्यांसमोर व्हायला हवी होती.

अकरा वाजता चाचणीसाठी शिवानंद सरांनी त्याच कारखान्याच्या वजनकाट्यावरचे कारकून मल्लप्पा यांना फोनच्या स्पीकरवर घेतलं.

"मल्लप्पा, 'ऊस आवक'चं चित्र दाबा."

"कुटं हाय? हितं ट्रक दिसतोय, ती साखर झाली की! बैलं इकली काय तुमी?"

ऑफिस हसलं. बिभीषण खुर्चीत ताठ बसला. अंकिता त्याच्याकडे वळली.

"बिभीषणदादा, तुम्ही बैलगाडी काढली होती ना? ती द्या. संचात नव्हती, म्हणून मी ट्रकवर भागवलं."

सगळे बघत होते. त्याला फाइल द्यावी लागली. वीस मिनिटांत तिने रेघ संचाच्या जाडीची केली, शिंगं दोन वळणांत बसवली. ती त्याच्यापेक्षा चांगली बसली होती, हे त्याला लगेच दिसलं.

"दादा, सोमवारीच बोलायचं की," ती म्हणाली. पुस्तिकेतलं, कुणी काय केलं ते सांगणारं श्रेयाचं पान त्याने संध्याकाळपर्यंत तीनदा उघडून पाहिलं.

उद्या सकाळी आठला काट्यावर पाळी बदलेल, तेव्हा मल्लप्पा पुस्तिका उघडतील. यादीच्या दुसऱ्या ओळीत बैलगाडी असेल आणि श्रेयाच्या पानावर तळाशी लिहिलेलं असेल: चित्र बिभीषण, दुरुस्ती अंकिता.