खळ्यावर वाळत घातलेली मोटार

आमच्या मामाजींना मोटारीतलं काहीच कळत नव्हतं, म्हणून माझ्या लग्नाची मोटार दुरुस्त करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, बुडाल्यावर एका मालगुजाराने गोठ्यात सडलेली मोटार विकायला काढली आणि आम्ही अक्कल गहाण टाकून ती घेतली. मी तर दवनीवाड्याला जाऊन होणाऱ्या सासऱ्यांना सांगूनही बसलो, "नवरदेव मोटारीनं येईल जी!" (मिशीला पीळ देऊन. पीळ बसण्याइतकी मिशी नव्हती, तरी!) आता मोटारीविना गेलो असतो तर गावभर शोभाच होती.

मोटारीचा वरचा डबा उतरवला, तर खालची लोखंडी चेसी गंजाने लाल! मी म्हटलं, "मामाजी, गोंदियाचा मिस्त्री बोलावू."

"मिस्त्री कायले? भांडे घरीच घासतेत ना? त्याले मिस्त्री लागते का?"

झालं! मोटार म्हणजे मामाजींच्या लेखी मोठा गुंड, पाणी भरायचा पितळी हंडाच. चेसीला राख-चिंच लावली, वर विहिरीचं पाणी ओतलं. सकाळी पाहतो तर गंज पहिल्यापेक्षा टवटवीत! मग मी काचकागदाने हाताची सालं निघेपर्यंत ती खरवडली आणि काळा ऑइलपेंट दिला.

"अंगणात धूळ हाये," मामाजी म्हणाले. "खळ्यावर वाळू घाल. ताजं सारवलं हाये, कचऱ्याचा कण नाई."

खळं ऐन हंगामात ताजं का सारवतात, हे जन्मभर धान खाणाऱ्या आम्हा दोन शहाण्यांना सुचलं नाही! दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि बाबांनी सूप उचललं. आम्ही पोचलो तोवर चेसीला नखशिखांत कोंडा चिकटला होता.

"बाबा, काऊन उडवून राहिले जी? रंग वला हाये!"

"खळ्यावर धान नाई उडवू, तं का मोटार उडवू?"

मामाजी मात्र शांत. "काई नाई होत. कोंडा जाळला का जाते." मी अडवायच्या आत त्यांनी काडी ओढली! कोंडा गेला, रंग गेला, ज्वाळा तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाकडे निघाल्या. बाबा मामाजींच्या नावाने ठणाणा करत घागरीवर घागर ओतत होते. तणस वाचलं. चेसी पुन्हा धुतली गेली, आणि पुन्हा गंजली.

अखेर वरात बैलांच्या रेंगीतून निघाली. दवनीवाड्याच्या शिवेवर बाजा, हार आणि मोटार पाहायला लोटलेलं अख्खं गाव! माझं तोंड एवढंसं झालं.

"जावईबापू, मोटार कुठं हाये जी?" सासऱ्यांनी विचारलं.

मामाजींनी डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, "मांगून येऊन राहिली जी!"

अख्ख्या गावाने रस्त्याकडे माना वळवल्या. आणि त्यात सगळ्यांत आधी, मोठ्या आशेने वळलेली मान माझीच होती, बाशिंगासकट!