मामांची नापसंती

यंत्रतेलाचा तो उग्र, किंचित गोडसर वास आला की मामा आले हे कळे. आणि मामा आले की घरातली कोणतीही वस्तू सुरक्षित नसे. पहिल्या भेटीत कशालाच पसंती न देणारा इतका प्रेमळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. ओझरच्या विमान कारखान्यात सुटे भाग तपासण्यात त्यांची हयात गेली. केसाएवढी चीर दिसली की भागाला तांबडी चिठ्ठी बांधायची आणि म्हणायचं, ‘रिजेक्ट!’ निवृत्तीनंतर चिठ्ठी कारखान्यात राहिली, शब्द सिडकोतल्या घरी आला. माझ्या लग्नात मांडवाचा खांब टिचकीने वाजवून त्यांनी निकाल दिला, ‘नवरदेव पास, मांडव रिजेक्ट!’ मांडववाल्याने मुकाट्याने चार खांब पुन्हा रोवले. मामी विचारायच्या, ‘अहो, मग मला कसं पास केलंत?’ मामा म्हणायचे, ‘तपासायला आलो, तर तूच मला तपासत होतीस!’

मामी गेल्या आणि त्यांच्यामागून तो शब्दही गेला. वय झालं, असं आम्ही म्हणत राहिलो. मग एका दुपारी, त्यांच्या घरी स्वयंपाक करताना, माझ्याकडून आमटीत मीठ घालायचं राहिलं. मामांनी ती अळणी आमटी संथपणे, शेवटच्या थेंबापर्यंत संपवली. मी त्या दिवशी घाबरले.

‘हे म्हातारपण नव्हे, नैराश्य आहे,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी रोजची एक गोळी लिहून दिली आणि जोडीला मेंदूचे व्यायाम सांगितले: पडद्यावरून रंगीत आकृत्या सरकणार, वेगळी दिसेल तिच्यावर बोट ठेवायचं. ‘गोळीने मन थोडं वर येईल, पण लक्ष देण्याची सवय मोडलीय, ती पुन्हा लावावी लागेल.’ मला वाटलं, हे तर मामांचंच काम! पण मामांचं बोट हवेत तरंगत राही आणि आकृत्या निघून जात. ‘कशाला गं हे? जाऊ दे सगळं पास,’ ते म्हणत.

डॉक्टरबाईंच्या चाचण्यांना मी गुपचूप माझी एक चाचणी जोडली: दर गुरुवारी अळणी आमटी. कितीतरी गुरुवार ती निमूट संपत गेली. वाटीचा तो लख्ख रिकामा तळ मला पाहवत नसे. गोळी चालू होती. पडद्यावर बोट अधूनमधून उतरू लागलं होतं, एवढंच.

परवाच्या गुरुवारी पहिल्याच भुरक्याला मामा थबकले. समोरच्या, मामींच्या खुर्चीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. डोळे हळूहळू भरून आले. मग एका बोटाने वाटी माझ्याकडे सरकवत ते पुटपुटले,

‘रिजेक्ट.’